रोझलीनच्या तलावावर बर्म्युडा चालत नाही

रोझलीन ब्रोशार ही बाई काय चीज आहे हे ज्याला बघायचं असेल, त्यानं एकदा बर्म्युडा घालून तिच्या पोहण्याच्या तलावावर जावं. फार आत जायला लागत नाही. फाटकापाशीच, पाय धुवायच्या हौदात पाऊल पडायच्या आत शिट्टी वाजते. बाई उंच खुर्चीवरून उतरत नाही, नुसतं बोट दाखवते. आधी बर्म्युडाकडे, मग फाटकाबाहेर. माणूस बँकेतला साहेब असो नाहीतर ट्रक चालवणारा, लंडनचा असो नाहीतर लिएजचा, त्या बोटापुढे सगळे सारखे.

फ्रान्समधल्या वांदेच्या किनाऱ्यावर तंबूंची कॅम्पिंगं पुष्कळ आणि नियम सगळीकडे तोच. पुरुषानं तलावात उतरायचं तर अंगाला घट्ट बसणारी आखूड चड्डी घालायची. गुडघ्यापर्यंतची, खिशांची, वाऱ्यावर फडफडणारी बर्म्युडा चालायची नाही. पण बाकी ठिकाणी नियम पाटीवर असतो आणि पाटीकडे कोण बघतो? आमच्या 'ला ग्रीव्ह' कॅम्पिंगमध्ये तो रोझलीनच्या तोंडात असतो.

"साधी गोष्ट आहे," ती म्हणते. "ही चड्डी घालून तू सकाळी पाव आणायला गेलास, वाळूत लोळलास, बारच्या खुर्चीवर बसलास, कुत्र्याला मांडीवर घेतलंस. आणि आता तीच घेऊन माझ्या पाण्यात? माझा तलाव म्हणजे तुझी धुण्याची बादली वाटली का?"

हे पटतं सगळ्यांना. पण इंग्रज बापाला ती आखूड चड्डी म्हणजे जिवंतपणी मरण. सासू समोर, शेजारच्या तंबूतली माणसं समोर, आणि आपण असे! काही जण रुसून आठवडाभर खुर्चीतच बसतात. त्यांच्यासाठी रोझलीनकडे दुसरा उपाय आहे. पंपाच्या खोलीला लागून तिचं लाकडी खोपटं आहे आणि खोपट्यात शिलाई मशीन. "आण इकडे," म्हणून ती बर्म्युडा काढून घेते, गृहस्थाला टॉवेल गुंडाळून बाहेर बसवते, आणि त्याची कॉफी संपेपर्यंत बर्म्युडाची घट्ट, नेटकी, नियमात बसणारी चड्डी करून हातात ठेवते. उरलेल्या कापडातून कधी पोरीच्या केसांची पट्टीसुद्धा निघते. पैसे घेत नाही. माणसं मग पुढच्या वर्षी चीज आणतात, बिस्किटांचे डबे आणतात. लिव्हरपूलचा एक जण दर वर्षी लोणच्याची बरणी आणतो. ते लोणचं रोझलीनच्या नवऱ्यानं, झिल्बेरनं, एकदा चाखलं आणि तेव्हापासून त्या बरण्या शेडमध्ये आहेत. गंजलेले खिळे त्यात चांगले निघतात म्हणे.

ते मशीन कारखान्यातलं. रोझलीन सोळाव्या वर्षी कारखान्यात लागली होती. किनाऱ्यापासून आत, गायी आणि कुंपणांच्या शेतांमधलं गाव, आणि मधोमध बायकांचे पोहायचे कॉश्च्यूम शिवणारा कारखाना. गावातल्या निम्म्या बायकांनी कधी समुद्रात पाय बुडवला नव्हता, पण शिवायच्या मात्र समुद्राचंच. पायाच्या गोलाईला इलॅस्टिक लावण्यात रोझलीनचा हात धरणारं कोणी नव्हतं. इलॅस्टिक जास्त ताणलं तर मांडीला काचतं आणि कमी ताणलं तर पहिल्या लाटेला कॉश्च्यूम बाईच्या आधी किनाऱ्याला लागतो, असं ती नव्या मुलींना शिकवायची आणि मुली हसून हसून लोळायच्या. मग एक दिवस काम परदेशी गेलं आणि कारखान्याला कुलूप लागलं. बायका फाटकाशी उभ्या राहून रडल्या, टायर जाळले, घोषणा दिल्या. रोझलीन रडली नाही. ती आत गेली, आपलं मशीन टेबलावरून सोडवलं आणि झिल्बेरच्या बटाट्याच्या गाडीत घालून घरी घेऊन आली. कोणी अडवलं नाही. अडवायची छाती कोणाची होती?

पुढे ती 'ला ग्रीव्ह'ला संडास धुवायला लागली आणि धुता धुता तलावाची राखण तिच्याकडे आली. बाईनं तलाव असा ठेवला की पाण्याच्या तपासणीला येणारा माणूस आधी कॉफी पितो आणि मग तपासतो. या गोष्टीचा तिला गर्व आहे, आणि ती तो लपवत नाही. का लपवावा?

तर त्या जुलैत फ्रीसलंडहून एक डच कुटुंब आलं. बाप सीत्से, आई मार्लूस, सहा-सात वर्षांची पोरगी यिके. सीत्से दारात मावणार नाही असा धिप्पाड, गोऱ्याचा पहिल्याच दिवशी लालबुंद झालेला. पहिल्या दिवशी शिट्टी खाल्ली, न कुरकुरता दुकानातून आखूड चड्डी घेतली आणि पोरीला घेऊन पाण्यात उतरला. पण माणूस पाण्यात अगदी धोंडा. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून "पोह, पोह" म्हणायचा आणि स्वतः एक हात कठड्यावरून काढायचा नाही. पोरगी पायरीवर बसून बघायची.

पोरीपुढे परीक्षा होती. डच लोकांच्या घरात पोर चालायला लागलं की आईबापांना काळजी लागते ती पोहण्याच्या परीक्षेची. कालवे, तळी, दाराबाहेर पाणी. पोहता न येणारं पोर ठेवायचं कसं? त्या परीक्षेत पाण्याखाली एक ताडपत्री ताणून धरतात, तिला भोक असतं, आणि डोकं बुडवून त्यातून पलीकडे निघायचं असतं. यिके तिथेच एकदा नापास झाली होती. डोकं पाण्याखाली घालायचं म्हटलं की तिचं सगळं अंग लाकूड व्हायचं. "आई आधी गेली तर मी जाईन," एवढंच म्हणायची. आणि आई लांब सावलीत पुस्तक घेऊन बसलेली, टी-शर्ट घालून, भर उन्हात.

तिसऱ्या दिवशी आई आली. कॉश्च्यूमवर तोच ढगळ टी-शर्ट. पोरीचा हात धरून हौदात पाय घातला आणि शिट्टी वाजली. बोट आलं.

"मादाम, टी-शर्ट काढा. पाण्यात कपडे चालत नाहीत."

मार्लूस थांबली. "नको," ती शाळेतल्या फ्रेंचमध्ये म्हणाली. "मी असंच येते."

"असंच येता येत नाही. सगळ्यांना नियम एक."

"आई, काढ ना!" यिके हात ओढत होती. "काढ ना पटकन!"

सगळा तलाव बघत होता. मार्लूसचं तोंड पांढरं पडलं, ती वळली आणि चालायला लागली, आणि पोरगी फाटकापर्यंत भोकाड पसरत गेली. खुर्चीखालच्या सावलीत ब्रेंडा पहुडलेली होती. ही यॉर्कशरची बाई दर वर्षी येणारी, कॅम्पिंगचं चालतंबोलतं वर्तमानपत्र. ती म्हणाली, "काय त्या आईचा ताठा! एका टी-शर्टसाठी पोरीला रडवलं."

नियम पाळला याचं रोझलीनला त्या घटकेला समाधानच होतं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी घरी जाताना ती भांडी घासायच्या ओट्याशी थांबते. कोणाच्या चड्डीचं माप राहिलं असेल तर तिथेच माणसं सापडतात. मार्लूस तिथे पातेलं घासत होती. नळ फसफसला, पाणी अंगावर उडालं आणि टी-शर्ट ओला होऊन छातीला चिकटला. रोझलीनचा डोळा म्हणजे शिंप्याचा डोळा, बाई दिसली की माप आपोआप मनात उतरतं. उजवीकडे कापड भरलं होतं. डावीकडे खांद्यापासून सरळ खाली पडलं होतं.

रोझलीननं नजर वळवली, पण मार्लूसला कळायचं ते कळलं होतं. ती पातेलं तसंच उचलून निघून गेली.

त्या रात्री रोझलीननं जेवताना पांढऱ्या शेंगदाण्याएवढ्या वालांकडे नुसतं बघितलं. "मी त्या बाईला सगळ्यांसमोर शिट्टी मारली," ती म्हणाली. झिल्बेर म्हणाला, "तू सगळ्यांनाच मारतेस. मलासुद्धा मारलीस." पण तिला हसू आलं नाही.

सकाळी मालक तिबो तिला शोधतच आला. त्याला तिनं तो रांगत होता तेव्हापासून पाहिलेला, त्यामुळे मालक असला तरी तो तिला 'तुम्ही' आणि ती त्याला 'तू'.

"मादाम ब्रोशार, त्या डच बाईचा नवरा आला होता. आजारपण होऊन गेलंय म्हणाला. जाऊ दे ना तिला टी-शर्टात. मी परवानगी दिली."

"दिलीस?" रोझलीन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि दुपारी बारा इंग्रज येऊन विचारतील की तिला का आणि आम्हाला का नाही, त्यांना काय सांगू? ती आजारी आहे म्हणून? कसली आजारी, असं विचारतील. मग ब्रेंडाला कळेल, आणि ब्रेंडाला कळलं की समुद्रातल्या माशांना कळेल. तुझ्या परवानगीनं त्या बाईच्या गळ्यात पाटी अडकेल, गाढवा!"

तिबोला हे सुचलंच नव्हतं. "मग काय करायचं? शनिवारी चालले ते. पोरगी कालपासून रडतेय."

"मला काय करायचं ते मला ठाऊक आहे. तू जा, तुझ्या पावाच्या ऑर्डरी बघ."

ती मार्लूसच्या तंबूकडे गेली. मार्लूस कपडे वाळत घालत होती. तिनं रोझलीनला पाहिलं आणि हातातली क्लिप घट्ट धरली. आमच्या बाईला माफी मागता येत नाही, तोंडात अडकते. ती गळ्यातला टेप काढून म्हणाली, "मादाम, मी तीस वर्षं बायकांचे कॉश्च्यूम शिवलेत. माझ्या खोपट्यात या. तिथे आरसा आहे आणि दाराला आतून कडी आहे."

मार्लूस म्हणाली, "त्यापेक्षा परवानगीच घेतली असती तर बरं झालं असतं का?"

"तुम्हाला हवी का परवानगी?"

"नाही," मार्लूस म्हणाली. "आजारी बाई म्हणून नको. दीड वर्ष झालं, सगळीकडे मी आजारी बाईच आहे." आणि क्लिप दोरीला लावून ती मागोमाग निघाली.

खोपट्यात रोझलीननं माप घेतलं. व्रण काखेपासून मधोमध गेलेला, अजून गुलाबी. तिनं तो पाहिला आणि टेप धरला, जसा कोणाच्याही अंगावर धरते तसा. कारखान्यातून आणलेलं गडद निळं कापड अजून पेटीत होतं, चांगलं दणकट. त्याचा कॉश्च्यूम तिनं दुपारी तलाव बंद असताना शिवला, जेवायला घरी न जाता. डाव्या बाजूला आतून खिसा केला आणि त्यात स्पंजचा भरीव उभार बसवला, उजवीशी अगदी जुळणारा, काठ कुठे संपतो ते बोटाला कळणार नाही असा. मार्लूसनं घातला. रोझलीन दोन पावलं मागे सरली आणि तिचं तोंड उजळलं.

"कोणाच्या बापाला कळणार नाही!" ती म्हणाली.

मार्लूस आरशात बघत राहिली. एका कुशीवर वळली, दुसऱ्या कुशीवर वळली. मग तिनं गळ्यातून हात घातला, तो स्पंज बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला.

"फार सुंदर आहे," ती म्हणाली. "पण हे नको."

रोझलीनला आधी समजलंच नाही. "बोचतंय का? पातळ करून देते."

"बोचत नाही. घरी असं एक आहे माझ्याकडे, डॉक्टरांनी दिलेलं. रोज घालायचे. टी-शर्ट, कोट, रुमाल, सगळं घातलं. मी पोहणारी बाई आहे, मादाम, कालव्यात वाढले. पाण्यात तरी जे माझं नाही ते अंगावर नको. सपाट शिवा."

"लोक बघतील, पोरी." रोझलीनच्या तोंडून 'मादाम' कधीच गळून पडलं होतं.

"लोकांनी बघितलंच आहे. तुम्ही शिट्टी मारली तेव्हा."

हे रोझलीनला लागलं. लागायलाच हवं होतं. त्याहून एक गोष्ट लागली, ती म्हणजे तिच्या हातचं इतकं सुरेख काम टेबलावर पडलं होतं आणि कोणाला ते नको होतं. ती तणतणली. सपाट शिवता येत नाही म्हणाली, कारखान्यातला प्रत्येक नमुना दोन्ही बाजूंनी सारखाच असायचा, अशी चोळी कोणी कापलीच नाही, कापड भरल्या बाजूला ओढलं जाईल, गळा तिरका होईल, पट्टा घसरेल.

"म्हणजे तुम्हाला जमणार नाही?" मार्लूसनं विचारलं.

झालं! रोझलीन ब्रोशारला जमणार नाही? तिनं उसवायची कात्री हातात घेतली.

आणि खरंच जमत नव्हतं. पहिल्या वेळी गळा तिरका झाला, अगदी म्हणाली होती तसाच. उसवलं. दुसऱ्या वेळी डावीकडे चुण्या पडल्या, कापड रिकाम्या जागी बसेना. उसवलं. संध्याकाळी झिल्बेर बघायला आला तर ही जमिनीवर बसलेली, तोंडात टाचण्या, भोवती निळ्या चिंध्या. "जेवण?" त्यानं विचारलं. तिनं दरवाजाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनं जुने नमुने बाजूलाच सारले. मार्लूसला पुन्हा बोलावलं आणि कापड तिच्या अंगावरच टाचलं, व्रणाच्या रेषेनं, काखेतून मधोमध. शिवण लपवायच्या ऐवजी तिनं ती तिथेच घेतली जिथे अंगानं सांगितलं. डावा पट्टा रुंद केला आणि थोडा आतून उचलला. गळा सरळ आला. कापड असं बसलं की मार्लूसनं हात वर केला तरी एक चुणी नाही.

रोझलीन बघतच राहिली. इतकी वर्षं तिनं दोन सारख्या बाजू जुळवल्या होत्या, आणि आता कळत होतं की ते सोपं होतं. तिचे डोळे भरून आले. टाचण्या तोंडात होत्या म्हणून बरं, नाहीतर बोलावं लागलं असतं.

शुक्रवारी सकाळी तलाव भरलेला होता. मार्लूस पोरीचा हात धरून आली, निळा कॉश्च्यूम घालून, वर काही नाही. सीत्से फाटकापाशी थांबला, त्याच्या अंगावर बर्म्युडा होती आणि आज त्याला ते भानच नव्हतं. हौदात पाय पडले आणि बायकांची बोलणी एकेक करून थांबली. रोझलीन खुर्चीवरून बघत होती. इतरांना बघते तसंच तिनं वरून खालपर्यंत बघितलं.

"बरोबर आहे. आधी शॉवर," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "पोरीलाही."

मार्लूस हसली. शॉवर झाला. पायऱ्यांपाशी यिके आईच्या मांडीला बिलगली. मार्लूस तिच्या कानात काहीतरी बोलली, आणि मग एक श्वास घेऊन ती पाण्याखाली गेली. दीड वर्षानं. माशासारखी सरसर तळाशी जाऊन पलीकडे निघाली आणि छातीएवढ्या पाण्यात पाय फाकवून उभी राहिली. "हे भोक," ती ओरडली. "ये!"

यिके उभी. मग पोरीनं नाक चिमटीत धरलं, डोळे मिटले, आणि गेली. एक छोटी पाठ पाण्याखालून आईच्या पायांमधून निघाली आणि पलीकडे फसकन वर आली. "गेले! मी गेले!" तिनं आईच्या गळ्यात हात टाकले आणि ओला गाल डाव्या सपाट बाजूवर टेकवला.

तेवढ्यात फाटकाकडून केवढा तरी आवाज झाला. सीत्से होता तसा, बर्म्युडा आणि खिशातल्या गाडीच्या किल्ल्यांसकट, आनंदानं धावत येऊन पाण्यात पडला होता. रोझलीननं शिट्टी मारली. ती चिरकी निघाली, कारण बाई रडत होती, पण मारली. "बाहेर! डच महाशय, बाहेर!" सगळा तलाव हसत सुटला आणि सीत्से रडत-हसत, पाणी गाळत कठडा धरून वर चढला.

खुर्चीखाली ब्रेंडा मात्र मार्लूसकडेच बघत होती. "बिचारी," ती हळूच म्हणाली. "मला काय ठाऊक. पण रोझलीन, तू एवढी शिवणारी, निदान झाकायला तरी काहीतरी घालून द्यायचंस."

रोझलीननं डोळे पुसले.

"झाकायला माझ्याकडे काही मिळत नाही, ब्रेंडा," ती म्हणाली. "मी मापाचं शिवते. तो कॉश्च्यूम नीट बघून घे. तो मी शिवलाय."

पाण्यात मार्लूस पुन्हा खाली गेली होती, आणि तिच्यामागून, नाक न धरता, यिके.